युनिटे शून्य, देयक मात्र शून्य नाही

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली, तेव्हा तिच्या नावातील ‘मोफत’ हा शब्द लोकांच्या मनात सर्वांत आधी रुजला. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसवावेत, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये खर्ची घालावेत, एक किलोवॅटच्या संचास ३० हजार, दोन किलोवॅटच्या संचास ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान द्यावे, असा या योजनेचा आराखडा. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने तिला उत्साहाने प्रतिसाद दिला. कोणी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून, कोणी बँकेचे कर्ज काढून गच्चीवर पॅनेले उभी केली आणि यापुढे विजेच्या देयकाची कटकट संपली, असा सुटकेचा निःश्वास टाकला.

अशा घरी संच सुरू झाल्यानंतरचे देयक येते. निव्वळ वापर शून्य युनिटे. क्वचित चाळीस-पन्नास युनिटे खात्यावर शिल्लकही दाखवलेली असतात. आणि तरीही खाली भरावयाची रक्कम छापलेली असते : दीडशे रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी नाही हे खरे. परंतु ज्याने पदरचे लाख-दीड लाख गुंतवले त्याला ती बोचते, कारण त्याला सांगितले गेले होते ते ‘मोफत’. मग ही उघड लूट आहे, हा सूर्यप्रकाशावरचा कर आहे, अशी भाषा सुरू होते. वीज कंपनीच्या खिडकीवर विचारणा केली तर बहुधा एवढेच उत्तर मिळते की तसा नियम आहे. या दोन्ही उत्तरांनी विचारी माणसाचे समाधान होण्यासारखे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आकार तत्त्वतः न्याय्य आहे. मात्र तो आज ज्या रीतीने वसूल होतो ती रीत न्याय्य नाही. आणि तिच्यामुळे अन्याय होतो तो मुख्यतः सौरग्राहकावर नव्हे, तर ज्याच्या डोक्यावर स्वतःच्या मालकीचे छप्परच नाही अशा ग्राहकावर.

हे पटण्यासाठी प्रथम देयकाची फोड समजून घेतली पाहिजे. महावितरणच्या घरगुती देयकात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या साऱ्यांवर १६ टक्के वीज शुल्क असे मुख्य रकाने असतात. यांपैकी वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे तिन्ही युनिटांच्या हिशेबाने लागतात. युनिटे शून्य झाली की तेही शून्य होतात. स्थिर आकाराचा युनिटांशी काही संबंध नाही. वीजजोडणी अस्तित्वात आहे म्हणून तो लागतो. एकफेज घरगुती ग्राहकाला २०२४-२५ या वर्षी तो महिन्याला सव्वाशे रुपयांच्या घरात होता. त्यात वीज शुल्क मिळवले की आपल्या सौरग्राहकाचे ते दीडशे रुपये तयार होतात.

आता तीन किलोवॅटचा संच बसवलेल्या एका काल्पनिक घराचा विचार करू. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज तयार होते असे मानण्याचा प्रघात आहे. पावसाळ्यात ती बरीच घटते. समजा, एखाद्या स्वच्छ महिन्यात या संचाने ३४० युनिटे वीज निर्माण केली आणि घराचा एकूण वापर ३०० युनिटे झाला. वरकरणी हिशेब सोपा दिसतो : गरज तीनशेची, निर्मिती तीनशेचाळीसची, म्हणजे हे घर स्वयंपूर्ण झाले. वस्तुतः तसे नाही. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा घरातील माणसे कचेरीत, शाळेत किंवा दुकानात असतात. दुपारी फ्रिज आणि एखादा पंखा एवढेच चालू असते. तेव्हा ३४० पैकी जेमतेम ९० युनिटे घरात थेट वापरली गेली आणि उरलेली २५० तारेवाटे बाहेर गेली. संध्याकाळी दिवे लागतात, दूरचित्रवाणी संच सुरू होतो, रात्रभर पंखे फिरतात, पहाटे गीझर चालतो. या सर्वांसाठी २१० युनिटे बाहेरून आत आली. मीटर बाहेर गेलेल्या अडीचशेतून आत आलेली दोनशेदहा वजा करतो आणि ४० युनिटे शिल्लक दाखवतो. देयकावर वापर शून्य. तारेवरून मात्र त्या महिन्यात ४६० युनिटांची ये-जा झालेली असते. संच बसण्यापूर्वी याच तारेवरून केवळ ३०० युनिटे येत होती!

म्हणजेच छपरावर सौरसंच आला की घराचे वीजजाळ्यावरील अवलंबन संपते, हा समज खरा नाही. विजेच्या परिमाणाबाबतचे अवलंबन संपते. तारेवरचे अवलंबन उलट वाढते. त्याचा एक रोकडा पुरावा सौरग्राहकाला बाहेरचा पुरवठा खंडित झाला की मिळतो. बाहेर लख्ख ऊन असते, छपरावर पॅनेले तळपत असतात, आणि घरातला पंखा मात्र बंद पडलेला असतो. बॅटरीविना, जाळ्याशी जोडलेल्या संचाचा इन्व्हर्टर जाळ्यातील दाब आणि वारंवारता यांना धरून चालतो. जाळे बंद पडले की त्याने स्वतःही बंद पडावे अशीच त्याची रचना असते. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या लाइनमनच्या अंगावर आपल्या छपरावरची वीज जाऊ नये, हा त्यामागील हेतू. तेव्हा शेजारची तार हे या घराचे कोठारही आहे आणि त्याच्या संचाचा आधारही.

अशा आधाराची किंमत कशी लावावी, हा प्रश्न सौरऊर्जेबरोबर जन्माला आलेला नाही. तो वीजधंद्याइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ साली वीजपुरवठ्याच्या खर्चावर जे व्याख्यान दिले, त्यात त्याचे मूळ सापडते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, वीज कंपनीचा खर्च दोन प्रकारचा असतो : एक प्रत्यक्ष वीज पुरवल्याचा आणि दुसरा मागाल त्या क्षणी पुरवू शकण्याच्या तयारीचा. यंत्रे, तारा, माणसे ही तयारी आहे. तिचा खर्च ग्राहकाने दिवा लावला तरी होतो आणि न लावला तरीही होतो. म्हणून दरही दोन भागांचा असावा. पुढे ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी नोंदवणारे उपकरण तयार करून हा विचार व्यवहारात आणला. अर्थशास्त्रज्ञांतही यावर पुष्कळ खल झाला. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३८ साली असे प्रतिपादन केले की, अशा सेवांची किंमत जादा एका युनिटाच्या खर्चाइतकीच ठेवावी आणि बाकीचा खर्च सरकारने करांतून भागवावा. त्याला रोनाल्ड कोस यांनी १९४६ मध्ये उत्तर दिले. जो सेवा वापरत नाही त्या करदात्यावर तिचा बोजा का टाकावा? त्यापेक्षा वापरणाऱ्यांकडूनच एक स्थिर रक्कम आणि एक वापरानुसार रक्कम घ्यावी. आपल्या देयकातील स्थिर आकार हा याच विचारपरंपरेतला आहे. आपल्या कायद्यालाही तो नवा नाही. १९१० च्या भारतीय विद्युत् कायद्यातील बाविसाव्या कलमात ग्राहकाने किमान वार्षिक रक्कम देण्याचे कबूल करण्याची तरतूद होती. आणि २००३ च्या विद्युत् कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात प्रत्यक्ष पुरवलेल्या विजेच्या आकाराखेरीज स्थिर आकार लावण्याची स्पष्ट मुभा आहे.

किमान आकार आणि स्थिर आकार

येथे एका गोंधळाचे निरसन करणे अगत्याचे आहे. बोलताना आपण ‘किमान आकार’ आणि ‘स्थिर आकार’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. त्यांत महत्त्वाचा फरक आहे. किमान आकार म्हणजे तळ. युनिटांचे पैसे त्या तळाच्या वर गेले तर वेगळे काही द्यावयाचे नाही. खाली गेले तर तळाएवढे द्यावयाचे. स्थिर आकार युनिटांच्या पैशांत नेहमीच मिळवला जातो. समजा, किमान आकार दीडशे रुपये आहे आणि युनिटांचे पैसे नव्वद झाले. ग्राहक दीडशे देईल. तोच स्थिर आकार असेल तर दोनशेचाळीस देईल. सौरग्राहकाच्या दृष्टीने याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. किमान आकाराच्या पद्धतीत देयक तळाला टेकले की त्यापुढे वाचवलेल्या युनिटाला त्या महिन्यापुरते मोलच उरत नाही. पंखा बंद केला काय आणि चालू ठेवला काय, देयक तेवढेच. स्थिर आकाराच्या पद्धतीत शेवटच्या युनिटाचीही किंमत कायम राहते. काटकसरीला किमान आकार मारक आणि स्थिर आकार तटस्थ, असे म्हणता येईल. आपल्याकडे आहे तो स्थिर आकार, आणि त्यामुळे किती मोठा संच बसवला तरी तो जाणार नाही. देयक शून्य करण्याच्या हव्यासाने गरजेपेक्षा मोठा संच बसवणारे जे गृहस्थ आढळतात, त्यांच्या जादा पॅनेलांचे पैसे म्हणूनच बहुतांशी वाया जातात. आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक युनिटांचा हिशेब मिटवला जातो, आणि त्यांना मिळणारा दर ग्राहक स्वतः भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो.

तत्त्व मान्य केले तरी रकमेचा प्रश्न उरतोच. सव्वाशे रुपये अधिक की उणे? आपल्या काल्पनिक ग्राहकाकडेच पाहू. संच बसण्यापूर्वी तो तीनशे युनिटांवर वहन आकार भरत होता. युनिटामागे रुपया-सव्वा रुपया धरला तरी तारांच्या खर्चापोटी त्याच्याकडून महिन्याला तीनशे ते पावणेचारशे रुपये कंपनीला मिळत होते, स्थिर आकार वेगळा. आज वहन आकारापोटी त्याच्याकडून एक पैसाही येत नाही, आणि तारेचा वापर तर वाढला आहे. या हिशेबाने त्याचे दीडशे रुपये ही लूट खासच नव्हे.

तथापि कंपनीच्या बाजूचाही हिशेब तितकाच बारकाईने तपासला पाहिजे. आपल्या ग्राहकाने दुपारी सोडलेली २५० युनिटे जातात कोठे? ती बहुधा त्याच आळीतील रोहित्राच्या पलीकडेही जात नाहीत. शेजारच्या घरातील कूलर, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी ती वापरते, आणि त्या युनिटांवर शेजारी पूर्ण वहन आकार भरतो. दूरच्या औष्णिक केंद्रातून वीज आणताना वाटेत जी गळती होते ती या युनिटांच्या वाट्याला येत नाही. म्हणजे कंपनी जितके नुकसान सांगते तितके ते नसते. पण याच्या उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. सुगीत एखाद्याने ज्वारीचे पोते कोठारात टाकावे आणि ऐन आषाढात पोत्यास पोते परत मागावे, तसा नेट मीटरचा व्यवहार आहे. दुपारी सौरविजेचा सुकाळ असतो. मोठ्या सौरप्रकल्पांची वीज लिलावांत अडीच-तीन रुपये युनिटाच्या आसपास मिळू लागली आहे. रात्री आठ वाजता तशी वीज मिळत नाही. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट समान मानावे की नाही, यावर २०२५ च्या आरंभी महावितरणच्या दरप्रस्तावाच्या निमित्ताने आपल्याकडे जो वाद माजला, त्याचे मूळ येथे आहे. तो वाद मिटला असे समजण्याचे कारण नाही. रात्रीची वीज महाग आहे तोवर तो पुन्हा पुन्हा डोके वर काढणार.

जे छपराविना आहेत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्याटप्प्यांचे आहेत. २०२४-२५ मध्ये पहिल्या शंभर युनिटांचा वीज आकार पावणेपाच रुपयांच्या आसपास होता. पाचशेच्या पुढच्या युनिटांना तोच साडेसोळा रुपयांहून अधिक पडत होता. यात एक सामाजिक करार दडलेला आहे : अधिक वापरणाऱ्या संपन्न घराने कमी वापरणाऱ्या घराचा भार थोडा उचलावा. सौरसंच बसवणे कोणाला सर्वांत किफायतशीर? ज्याचे युनिट सर्वांत महाग त्याला. ज्याच्याकडे स्वतःची गच्ची आहे, हाताशी भांडवल आहे, बँकेत पत आहे, तोच वरच्या टप्प्यांतून प्रथम बाहेर पडतो. त्यात त्याचा काही दोष नाही. सरकारनेच त्याला अनुदान देऊन त्या वाटेवर नेले आहे. परंतु त्याने उचललेला भार मागे राहतोच. तारा, रोहित्रे, कर्मचाऱ्यांचे पगार यांचा खर्च कमी झालेला नाही. महसुलात तूट येते, ती नियामक आयोगापुढे मांडली जाते, आणि पुढल्या दरनिश्चितीत उरलेल्या ग्राहकांच्या युनिटांवर वाटली जाते. त्या उरलेल्यांत चाळीतला भाडेकरू आहे, सहकारी गृहसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरचा सदनिकाधारक आहे, वाड्यातल्या दोन खोल्यांत राहणारे कुटुंब आहे. त्यांनी ठरवले तरी संच बसवता येत नाही, कारण त्यांच्या खोलीवरचे छप्पर त्यांचे नाही.

हे दृश्य अधिक भडक रंगवण्याचा मोह वीज कंपन्यांना होतो. दर वाढतात म्हणून आणखी ग्राहक सौरऊर्जेकडे जातात, ते गेले म्हणून दर आणखी वाढतात, अशा भोवऱ्यात सारा धंदा बुडेल असे भाकीत केले जाते. महाराष्ट्रातील एकूण घरगुती ग्राहकांच्या मानाने सौरघरांची संख्या अद्याप लहान आहे, आणि कंपन्यांच्या तोट्याला गळती, थकबाकी अशी याहून कितीतरी मोठी व जुनी कारणे आहेत. त्यांचे खापर सौरग्राहकाच्या माथी फोडणे हा कांगावा होय. परंतु आजचा आकडा लहान आहे म्हणून दिशेकडे डोळेझाक करता येत नाही. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ज्यांनी ठेवले आहे त्यांनी तरी नाही.

मग स्थिर आकार वाढवावा का? कंपन्यांची मागणी तीच असते, आणि तेथेच माझा त्यांच्याशी मतभेद आहे. आजचा स्थिर आकार एकफेज ग्राहकाला सरसकट सारखा आहे, तीनफेजला अधिक. दारिद्र्यरेषेखालील अत्यल्प वापराच्या ग्राहकांना सवलत आहे, ती सोडली तर एका खोलीत दोन दिवे आणि एक पंखा लावणारी विधवा आणि वातानुकूलन यंत्र, गीझर व तीन किलोवॅटचा सौरसंच असलेला बंगला, दोघेही तेवढीच रक्कम भरतात. त्या विधवेच्या देयकात हा स्थिर आकार निम्म्याच्या आसपास भरतो. बंगल्याच्या पूर्वीच्या देयकात तो कोपऱ्यात पडलेला असे. सरसकट स्थिर आकार वाढवणे म्हणजे सौरग्राहकाकडून शंभर रुपये मिळवण्यासाठी तिच्याकडूनही शंभर रुपये घेणे.

सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या प्रश्नाचे उत्तर ओळखीचे वाटेल. बंद सदनिकेलाही सेवाशुल्क चुकत नाही, हे तर सर्वांना ठाऊक आहे. जिना आणि रखवालदार सर्वांसाठी आहेत म्हणून सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते. पाण्याचा खर्च मात्र सारखा वाटला जात नाही. ज्याच्या घरात जितके नळ आणि जेवढ्या आकाराचे, त्या प्रमाणात त्याचा वाटा. नळ प्रत्यक्ष किती वेळ चालला हे कोणी मोजत नाही. पाणी ओढण्याची क्षमता मोजली जाते. वीजजोडणीतही हाच भेद करता येईल. मीटर, देयक छापणे, नोंदी ठेवणे, घरापर्यंतची तार हा खर्च सर्व जोडण्यांना जवळपास सारखा. तो सारखा घ्यावा, आणि तो लहान असेल. रोहित्र आणि वाहिन्या यांचा खर्च ग्राहक एका वेळी जाळ्यातून किती ओढू शकतो किंवा जाळ्यात किती सोडू शकतो, त्यावर ठरतो; तो मंजूर भाराच्या वा संचाच्या क्षमतेच्या प्रमाणात घ्यावा. शेजारच्या गुजरातेत घरगुती स्थिर आकार भारानुसार ठरतो, आपल्यापेक्षा तो बराच कमी आहे, आणि छपरावरील सौरसंचांत ते राज्य देशात आघाडीवर आहे. तेव्हा भारानुसार आकारणी केल्याने सौरऊर्जेचा प्रसार खुंटेल ही भीती निराधार ठरते.

स्थिर खर्चाचा एक तिसराही प्रकार आहे, आणि त्याबाबत महाराष्ट्राने धडा घेतला नाही तर कोणी घ्यावा? वीज कंपन्या मोठ्या केंद्रांशी जे दीर्घ मुदतीचे करार करतात त्यांत क्षमता आकार असतो. वीज घेतली नाही तरी तो द्यावा लागतो. दाभोळ प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, १९९६ मध्ये त्याची फेरमांडणी झाली, १९९९ मध्ये तेथील वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले. तत्कालीन मंडळाच्या कंबरड्यावर जो घाव बसला त्यात न घेतलेल्या विजेच्या क्षमता आकाराचा वाटा केवढा होता, हे त्या वर्षांतील वृत्तपत्रे वाचणारांना सांगावयास नको. अशा कराराचा खर्चही कंपनीच्या वहीत ‘स्थिर खर्च’ म्हणूनच लिहिला जातो. तार आणि रोहित्र हे सौरग्राहक वापरतो; त्यांचे मोल त्याने द्यावे. परंतु मागणीचा अंदाज चुकवून केलेल्या खरेदीचा बोजाही त्याच नावाखाली त्याच्या व इतरांच्या देयकात येऊन बसत असेल, तर ‘स्थिर’ या शब्दाने तो न्याय्य ठरत नाही. आज देयकात एकच रकाना असल्यामुळे त्यात कशाचे किती, हे ग्राहकाला कळण्यास मार्ग नाही.

परदेशांचे अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नेट मीटरिंग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आहे. तेथे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या छपरांवरही अशी पॅनेले आहेत. अनेक वर्षे तेथील सौरग्राहक महिन्याला दहा डॉलरच्या आसपास किमान आकार भरत आणि बाकीचा हिशेब वर्षाअखेर मिटवत. सौरघरे लाखोंनी वाढली तेव्हा भाडेकरूंवर पडणाऱ्या बोजाचा प्रश्न तेथे उभा राहिला. एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांनी सोडलेल्या विजेचे मोल एकदम उतरवण्यात आले. मे २०२४ मध्ये तेथील आयोगाने मोठ्या खासगी कंपन्यांच्या ग्राहकांसाठी महिन्याला २४ डॉलर १५ सेंटचा स्थिर आकार मंजूर केला. पण त्याच वेळी युनिटाचा दर कमी केला, आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हाच आकार ६ व १२ डॉलर ठेवला. त्यावर टीका पुष्कळ झाली. तरीही स्थिर आकार वाढवताना युनिटाचा दर उतरवायचा आणि गरिबाला वेगळे काढायचे, ही दोन पथ्ये त्यांनी पाळली, हे नोंदण्यासारखे आहे. नेवाडा राज्याने याच्या उलट केले. डिसेंबर २०१५ मध्ये तेथील आयोगाने सौरग्राहकांचा मासिक आकार १२ डॉलर ७५ सेंटवरून टप्प्याटप्प्याने ३८ डॉलर ५१ सेंटपर्यंत नेण्याचे ठरवले, आणि तो ज्यांनी आधीच संच बसवले होते त्यांनाही लावला. संच बसवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी राज्यातून काढता पाय घेतला, लोक रस्त्यावर आले, आणि २०१७ साली कायदा करून धोरण फिरवावे लागले. स्पेनने २०१५ मध्ये आणलेला, जनतेने ‘सूर्यकर’ असे नाव ठेवलेला आकार २०१८ मध्ये रद्द झाला. वीस-पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूत माणूस पैसे गुंतवतो तेव्हा तो एका आश्वासनावर विसंबून असतो. ते मध्येच मोडले की दर कितीही शास्त्रशुद्ध असो, लोक तो मानत नाहीत.

आपल्या राज्यात हे आश्वासन कोठवर आहे? मार्च २०२० च्या दरादेशात महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने अशी भूमिका घेतली की, राज्यातील छपरांवरील संचांची एकूण क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत सौरग्राहकांवर वेगळा जाळे-आधार आकार लावू नये. दहा किलोवॅटपर्यंत मंजूर भार असलेल्या लहान ग्राहकांना त्यातून वगळण्याचेही धोरण होते. हे शहाणपणाचे होते. परंतु पाच हजारांचा आकडा आज ना उद्या गाठला जाणार, आणि तेव्हा काय, याचा विचार आकडा गाठल्यावर घाईघाईने करण्यापेक्षा आताच करणे बरे. स्थिर आकाराचे दोन रकाने करावेत : एक जोडणीचा, सर्वांना सारखा आणि आजच्यापेक्षा बराच लहान, दुसरा भाराच्या प्रमाणात. वीजखरेदी करारांचा बोजा या दोहोंतही न घालता वेगळा दाखवावा. ज्यांनी आज संच बसवले आहेत त्यांना ठरावीक वर्षांची हमी द्यावी. आणि ज्यांना छप्पर नाही त्यांना दुसरीकडच्या सामायिक संचात वाटा घेऊन त्याची युनिटे आपल्या देयकात वळती करून घेण्याची सोय सुलभ करावी; दिल्लीने २०१९ मध्येच यासाठी नियम केले. अनुदानाचा पैसा सर्वांच्या करांतून येतो, तेव्हा त्याचा लाभ केवळ गच्चीच्या मालकांपुरता राहावा याला काही कारण नाही.

संच बसवण्याच्या विचारात असलेल्या वाचकाने एवढे करावे. विक्रेता जो ‘इतक्या वर्षांत पैसे वसूल’ असा कागद पुढे करतो, त्यात स्थिर आकार आणि त्यावरील वीज शुल्क धरले आहे का, ते पाहावे. बहुधा धरलेले नसते. गेल्या बारा महिन्यांची देयके समोर ठेवून वर्षाच्या एकूण युनिटांवरून संचाची क्षमता ठरवावी, एखाद्या मे महिन्याच्या देयकावरून नव्हे. कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री ही कामे शक्य तितकी दुपारी उरकावीत. आणि दरनिश्चितीचा प्रस्ताव येतो तेव्हा आयोग सूचना व हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तेथे बोलण्यास वकील लागत नाही. उद्योगांचे आणि मोठ्या ग्राहकांचे प्रतिनिधी तेथे कागदपत्रांचे गठ्ठे घेऊन हजर असतात. आता सौरग्राहकही संघटित होऊन जाऊ लागले आहेत. चाळीतल्या भाडेकरूच्या वतीने मात्र अद्याप फारसे कोणी बोलताना दिसत नाही.